पाच नंबरचे दोन दावेदार

मार्च १९८८, शनिवार, सकाळी दहा. स्थळ : भात उत्पादकांच्या सहकारी संघाचं मुख्य कार्यालय, शिवाजी पेठ, पहिला मजला. हजर : हेडक्लार्क, टायपिस्ट बाई, शिपाई मामा, मी, आणि चार खुर्च्या रिकाम्या असताना जमिनीवर मांडी घालून बसलेले उस्ताद. चेअरमन दर अर्ध्या तासाला हजर. गैरहजर : संगणक विकणाऱ्या पुण्याच्या दुकानाचा माणूस, जो गुरुवारी फोनवर "निघालोच" म्हणाला होता.

ही हजेरी माझ्या त्या वर्षीच्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. यादी केल्याशिवाय मला दिवस सुरू करता येत नाही. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, तेव्हाही येत नसे. त्या शनिवारच्या पानावर एकच काम होतं आणि त्याखाली दोन रेघा होत्या : सायंकाळी पाचच्या आत मतदार यादी फलकावर.

संघाची निवडणूक होती. सभासद दोन हजारांच्या वर, बहुतेक शाहूवाडीच्या डोंगरातले. दर निवडणुकीला त्यांची यादी दोन टायपिस्ट तीन आठवडे बडवत बसत. या खेपेला संगणक घ्यावा, असं टिपण मी लिहिलं होतं. ते मंजूर झालं. संगणक आला, मराठी अक्षरं उमटवणारं वेगळं कार्ड आलं, दोन महिने बसून आम्ही नावं भरली. जुन्या बारक्या प्रिंटरवर यादीची ओळ मावेना, म्हणून बुधवारी रुंद कागदाचा मोठा प्रिंटर आला आणि त्याच्याबरोबर तो जोडायचं एक नवं कार्ड. दुकानाच्या माणसानं ते कार्ड आत खोचलं, हात झटकले आणि पुण्याची गाडी पकडली. तेव्हापासून यादी छापायला लावली की साडेतीन नावं उमटायची आणि यंत्र जागच्या जागी थिजायचं. पहिले तीन सभासद आम्ही चाळीस वेळा छापले. चौथा कायम अर्धा.

शुक्रवारी चेअरमननी मला आत बोलावलं.

"बाई, उद्या पाचला यादी लागली न्हाय तर निवडणूक पुढं जानार. निवडणूक पुढं गेली तर मशीन पुण्याला जानार, आनि तुमी सोमवारी मलकापूरच्या गोदामावर. तितं पोती मोजायला यादी लई उपयोगी पडती."

बदलीचा आदेश टाइपसुद्धा झाला होता. टायपिस्ट बाईंनी तो रडत रडत, पण तीन कार्बन घालून टाइप केला होता. माझी मुलगी दहा महिन्यांची होती. सकाळची मलकापूर एसटी सहाला सुटायची आणि परतीची तिच्या मनाला येईल तेव्हा. काय पणाला लागलं होतं हे मला वेगळं लिहून ठेवावं लागलं नाही.

"खालच्या गल्लीतल्या उस्तादाला बोलवा की," हेडक्लार्क तंबाखू मळत म्हणाले. "रेडिओवाला हाय, पर मशिनीला भीत न्हाय."

उस्तादांचं दुकान तालमीच्या जिन्याखाली होतं. इतकं बुटकं की आत उभं राहता येत नसे. वीस वर्षं तिथं बसून त्यांना खुर्ची हा प्रकारच मानवेनासा झाला होता. बँकेत गेले तरी काउंटरखाली मांडी ठोकत, आणि कॅशियरला वाकून विचारावं लागे, कोण आहे म्हणून. दुकानावर पाटी नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "ज्येचा रेडिओ बंद पडलाय त्येला पाटी वाचायची सुद न्हाई. त्यो विचारत येतोय."

पेठेचा फुटबॉलचा सामना असला की दुकान बंद. दुसऱ्या पेठेचा रेडिओ दुरुस्तीला आला तर नाही म्हणत नसत, पण सामना होईपर्यंत तो जिन्याखाली तोंड भिंतीकडे करून ठेवत. जिंकलो तर लगेच दुरुस्त. हरलो तर आठ दिवस "पार्ट मुंबईस्नं यायचाय".

इंग्रजी त्यांना वाचता येई, पण फक्त मशीनच्या पुस्तकातलं. एकदा मी त्यांच्यापुढं इंग्रजी वर्तमानपत्र धरलं, तर उलटंसुलटं करून परत दिलं. "हेच्यात आकृती कुटं हाय?" संगणक ते याच पुस्तकांतून शिकले होते. एका कॉलेजानं भंगारात काढलेला संगणक त्यांनी रेडिओच्या मोबदल्यात घेतला आणि पावसाळाभर उघडून ठेवला होता. तो कधीच चालू झाला नाही. पण त्यामुळे, ते म्हणत, आतलं सगळं निवांत बघता आलं. चालणाऱ्या मशीनला कोण उघडून बघू देतो?

यंत्रांशी ते बोलत. संगणकाशी कोल्हापुरीत, प्रिंटरशी हिंदीत, कारण "त्यो भायेरचा हाय". स्टॅबिलायझरला मात्र अहो-जाहो. व्होल्टेज ज्याच्या हातात त्याच्याशी नीट बोलावं, असं त्यांचं मत होतं.

तर त्या शनिवारी उस्ताद आले, त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि सरळ मोरीकडे गेले. पाय धुतले. मग लोखंडी नळ मुठीत धरून क्षणभर उभे राहिले, आणि ओल्या पायांनी येऊन संगणकापुढं बसले. इथंतिथं हात लावला, उठले, पुन्हा नळ. परत आले. पाच मिनिटांनी पुन्हा नळ.

"उस्ताद, नमाजाची वेळ झाली असंल तर उरकून घ्या की निवांत," हेडक्लार्क अदबीनं म्हणाले.

"नमाज दुपारी. ह्ये करंटाचं हाय. अंगात बारीक करंट साचतोय मान्साच्या. कार्डाला हात लावला की त्यो तितं उतरतोय, कार्ड खलास. म्हनून आदी नळाला द्यायचा."

हे मामांनी नीट ऐकून घेतलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ते कपाटातली कुठलीही फाइल काढायच्या आधी नळाला हात लावून येत. फायली ओल्या होत, पण एकही खलास झाली नाही, हेही खरं.

उस्तादांनी झाकण काढलं आणि आत बराच वेळ बघत राहिले. मी माझी वही पुढं केली. आत काय काय आहे त्याची यादी मी गुरुवारीच केली होती : कार्डं पाच, त्यांच्या खाचा, वायरींचे रंग, आणि कार्डांवरच्या पिनांवर बसवलेल्या काळ्या इवल्या टोप्या, चार.

त्यांनी वही बघितली. "अक्षर झ्याक हाय. पर बाई, ह्येच्यात कोन कोन हाय त्ये लिवलंय. कोन कुनाशी बोलत न्हाय त्ये कुटं हाय?"

"म्हणजे?"

"म्हंजे लग्नाला किती मान्सं ह्ये म्हाईत हाय. कोन कुनाच्या शेजारी बसत न्हाय ह्ये म्हाईत न्हाय. मग पंगत उधळती ती हितं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत, जरा सरळ करून, लिहून ठेवलं आहे. आतल्या प्रत्येक कार्डाला काम पडलं की ते यंत्राच्या मेंदूला हाक मारतं. हाक मारायला प्रत्येकाला एक नंबर असतो. एका नंबरावरून एकानंच हाक मारायची. दोघांनी एकाच नंबरावरून मारली तर मेंदूला कळत नाही कोण बोलवतंय. तो दोघांनाही ओ देत नाही आणि तसाच उभा राहतो. नंबर ठरतो त्या काळ्या टोपीवर. टोपी ज्या दोन पिनांवर बसवाल तो त्या कार्डाचा नंबर.

"मग कोणते दोघे भांडतात?"

"त्ये विचारून कळत न्हाय. दोघंबी म्हनत्यात, मी न्हाय. समद्यास्नी उठवायचं, आनि एकेकाला बसवायचं."

साडेदहाला त्यांनी पंगत उठवली. पाचही कार्डं बाहेर काढून टेबलावर वर्तमानपत्रावर मांडली, चारही टोप्या उपसून खिशातल्या एका पत्र्याच्या डबीत टाकल्या. चेअरमन तेव्हाच आत आले. त्यांनी बघितलं आणि दारातच थबकले. दोन महिने जपलेला संगणक पोट उघडं टाकून पडलेला, आणि आतडी वर्तमानपत्रावर.

"ह्ये काय करालाय?"

"उटवलोय. आता बसवनार."

"पाचला यादी पायजे."

"मग तुमी जावा की. तुमी हुबं राहिला की मी बोलतोय आनि बोललो की हात थांबतोय."

चेअरमनना असं बोलणारं कार्यालयात दुसरं कोणी नव्हतं. ते गेले.

पहिलं बसलं पडद्याचं कार्ड. यंत्र सुरू, बरोबर. मग हार्ड डिस्कचं, ज्यात आमची दोन हजार नावं होती. बरोबर. मग मराठीचं. पडद्यावर मराठी आली, टायपिस्ट बाईंनी हात जोडले. प्रत्येक खेपेला यंत्र बंद, नळ, कार्ड, टोपी, पुन्हा सुरू. मी प्रत्येक वेळ वहीत लिहीत होते. पावणेएकला मोठ्या प्रिंटरचं नवं कार्ड बसलं. छापायला लावलं. साडेतीन नावं, आणि थिजलं.

"घावला," उस्ताद म्हणाले. "ह्यो नवा पावना पाच नंबरावर बसलाय. आनि पाच नंबर पैल्यापास्नं हार्ड डिस्कचा. डिस्क नावं द्यायला हाक मारती, ह्यो कागद मागायला हाक मारतोय. दोन दावेदार झाले."

"मग नव्याला दुसरा नंबर द्या."

"ह्येला पाच न्हायतर सात, दोनच चालत्यात. आनि सातावर जुना बारका प्रिंटर हाय. त्येच्या कार्डाला टोपीच न्हाय, त्येचा नंबर हलत न्हाय."

जुना बारका प्रिंटर चेअरमनांच्या केबिनमध्ये होता. भिंतीला भोक पाडून त्याची वायर आत नेली होती. पाहुणे आले की चेअरमन एखादं पत्र छापायला सांगत, आणि तो आतून करकरायला लागला की पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे बघत. तो काढा, असं सांगायला माझी जीभ रेटेना. उस्ताद उठले, ओल्या पायांनी केबिनमध्ये गेले. मी मागोमाग.

"साहेब, तुमचा प्रिंटर काडावा लागतोय. बिनकामाचा हाय."

"बिनकामाचा? रोज पत्रं छापतोय मी त्येच्यावर!"

"त्येच म्हंटलं."

चेअरमननी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या प्रिंटरकडे. "काडा," ते म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

सात नंबर मोकळा झाला. आता नव्या कार्डाची टोपी पाचावरून सातावर बसवायची, एवढंच राहिलं होतं. यंत्र बंद करून कार्ड काढलं. टोपी उपसून डबीत टाकली, डबी टेबलावर ठेवली. आणि उस्ताद म्हणाले, "नमाज पडून येतो. तोवर कुनी हात लावू नका."

ते गेले. आम्ही कुणीही यंत्राला हात लावला नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला. वीस मिनिटांनी ते परत आले, नळ केला, बसले, डबी उघडली. डबी रिकामी होती. नीट सांगायचं तर टोपी नव्हती. तळाला चुना मात्र होता.

डबी मूळची चुन्याचीच होती. उस्तादांनी तंबाखू सोडला होता, डबी सोडली नव्हती.

मी हेडक्लार्कांकडे बघितलं. ते खिडकीत उभे राहून निवांत चघळत होते.

"भाऊसाहेब, तंबाखू कसा लागतोय आज?"

"जरा कचकच हाय. उस्तादाचा चुना वाळलाय." मग ते थांबले. गालातल्या गालात जीभ फिरवली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून टायपिस्ट बाईंनी पदर तोंडाला लावला. "तंबाखूतली बी म्हनून थुकली की वो मी! आत्ताच!"

"कुठं?"

त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

मामा धावत खाली गेले. रस्त्यावर लोटांगण घातल्यासारखे शोधत होते. तालमीतली दोन पोरंही मदतीला आली, काय शोधायचं ते न विचारता. दहा मिनिटांनी टोपी सापडली. चपटी झालेली, दाताचे दोन खड्डे पडलेले, आणि आतलं पितळेचं पान गायब.

उस्तादांनी ती उजेडाकडे धरली. "आत्मा गेला हेचा."

"दुसरी नाही?"

"हाय की. पुण्यात."

सव्वादोन वाजले होते. यादी छापायला सव्वादोन तास लागणार होते, हे मी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. मी वहीत सोमवारच्या पानावर मलकापूरची सहाची एसटी लिहिली.

"त्या दोन पिनांना नुसती तार गुंडाळली तर?" मी म्हणाले.

"चालंल."

"मग गुंडाळा की. तुमच्या पिशवीत तांब्याची तार आहे. मी बघितली."

"तांबं न्हाय घालनार. तांबं वरसाभरात हिरवं पडतंय. मग परत ह्येच भांडान. चांदी पायजे."

"उस्ताद, वर्षभराचं वर्षभरानं बघू! आता पाचची वेळ गाठायची आहे!"

"बाई, वरसाभरानं तुमी मला बोलवनार, मी मलाच म्हननार पैलंच नीट का न्हाय केलं, आनि माझ्याकडं उत्तर न्हाय." ते मांडी घालून बसले आणि हात गुडघ्यावर ठेवले. जगात घाई असणारे लोक आहेत, हे त्यांना ऐकून माहीत होतं.

टायपिस्ट बाई उठून पुढं आल्या. खाली बसल्या, उजव्या पायातलं पैंजण काढलं, हुपरीच्या चांदीचं, लग्नातलं, आणि त्याच्या टोकाची एक बारीक कडी दातांनी उकलून उस्तादांपुढं धरली. ज्या बाईंनी माझा बदलीचा आदेश टाइप केला होता त्याच.

उस्तादांनी कडी चिमट्यानं सरळ केली, तिची तार दोन पिनांभोवती तीन वेढे घालून आवळली, नखानं टोकं दाबली. नळाला गेले. कार्ड बसवलं. वीस मिनिटं ते नुसतं झाकणाचे स्क्रू शोधत होते, असं मला वाटलं. वहीत चार मिनिटं लिहिलं आहे.

दोन चाळीस. प्रिंटर करकरला. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. चौथं अर्धं झालं, आणि पुढं गेलं. पूर्ण झालं. पाचवं सुरू झालं.

"चौथा आला!" मामा ओरडले. हेडक्लार्कांनी मोठ्यांदा शीळ घातली. खाली तालमीत वाटलं पेठेनं गोल मारला. तिकडूनही आरोळी आली.

शेवटचं पान चार वाजून पंचावन्न मिनिटांनी बाहेर पडलं. मामांनी डिंकाचा डबा घेऊन जिन्यावरून जी उडी मारली ती त्यांच्या वयाला शोभत नव्हती. पाचला दोन मिनिटं कमी असताना यादी फलकावर होती. चेअरमननी बदलीचा आदेश ड्रॉवरमध्ये टाकला. "असू दे, लागंल कदीतरी," म्हणाले. पण हसत म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक यादीत एक जादा रकाना आहे : कोणाशी पटत नाही. कार्यालयात टेबलं मांडताना, कपाटात औषधं ठेवताना, मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या खोल्या वाटताना, सगळीकडे तो भरला. उस्तादांकडून घेतलेली ही एकच विद्या, पण तिच्यावर माझं निम्मं आयुष्य सुरळीत गेलं.

त्या संध्याकाळी उस्ताद लगेच घरी गेले नाहीत. फलकापुढं उभे राहून, बोट फिरवत, एकेक पान वाचत होते. मला वाटलं, छपाई तपासताहेत. एका ठिकाणी बोट थांबलं.

"बाई, ह्यो माझा अब्बा."

मी वाचलं. शाहूवाडीतलं एक गाव, वडिलांचं नाव, सभासद क्रमांक.

"बरं छापलंय," ते म्हणाले. "हेच्या आदी त्येचं नाव कुटं छापल्यालं न्हवतं. जाऊन सा वर्सं झाली."

"सहा वर्षं?" मी वही उघडली. "उस्ताद, मग नाव कमी करायला हवं. मयत सभासद यादीत राहून चालत नाही. ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला आणा, वारस म्हणून तुमचं नाव लागेल."

"माझं कशाला? मी भात लावतोय व्हय? अब्बाला त्येच दुक हुतं." बोट अजून नावावर होतं. "आनतो की दाखला."

दाखला आला नाही. पाच वर्षांनी पुढची निवडणूक आली, मी आठवण केली. "आनतो की." त्या निवडणुकीत कुणीतरी त्यांच्या वडिलांच्या नावावर मतदान करून गेलं. मतदारांच्या सहीच्या रकान्यात अंगठा होता. मी हादरले, जबाबदारी माझी होती. उस्तादांना जिन्याखाली जाऊन सांगितलं, आवाज खाली ठेवून.

त्यांनी हातातला रेडिओ बाजूला ठेवला. "आला हुता? मत दिलं?"

"उस्ताद, कुणीतरी खोटं…"

"कुनाला दिलं म्हनं?"

"ते गुप्त असतं."

"असंलच. जित्तेपनी मला काय सांगितलं न्हाय, आता तुमाला सांगतोय व्हय?" आणि ते डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले.

आता कार्यालय अधीक्षक मी आहे. दाखला नसला तरी कार्यालयाला वारसाला नोटीस देऊन मयताचं नाव स्वतःहून कमी करता येतं. नोटीस टाइप झाली आहे, जावक क्रमांक पडला आहे. दोनदा शिपायाबरोबर पाठवली. दोन्ही वेळा ती बिनसहीची परत आली, वर चहा पाजून आणि निरोप देऊन : "बाईंस्नी म्हनावं, एवडी निवडणूक हुं द्या."

तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन हातात द्यायची, असं ठरवलं आहे. वहीत शनिवारच्या कामांत पहिल्या क्रमांकावर लिहिलं आहे. तो शनिवार कोणता, तेवढं लिहायचं राहिलं आहे.